प्रभाच्या मुलाखतीत माझी परीक्षा

सोलापूर,
जून १९७४

ती. सौ. नीलक्कास,
धाकट्या गुरप्पाचे शरणु शरणार्थी. गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? इकडे सगळे खुशाल. फक्त मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

आपल्या प्रभाची मुलींच्या शाळेत नृत्यशिक्षिकेसाठी मुलाखत होती. अर्हता साधीच: मॅट्रिक, नृत्याची प्रवेशिका परीक्षा आणि वर्ग सांभाळता येणे. (तिच्याकडे पहिल्या दोन्ही आहेत.) पोरगी बुजेल म्हणून मी सोबत गेलो, आणि तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मीच द्यायला लागलो. शेवटी, "अप्पा, सुम्निर्री!" असं तिनं मला सर्वांसमोर कन्नडमध्ये गप्प केलं.

मग नाच दाखवायची वेळ आली, तर शाळेचे तबलजी तापानं आजारी. मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, म्हणालो, "ठेका मी धरतो की!" टेबलावर हात मारायला लागलो. दुकानात गिऱ्हाईक खोळंबल्यावर तराजूवर पळतो तसा हात पळायला लागला. समितीतल्या एका सदस्यांचा चहा उडून त्यांच्या धोतरावर. (आपल्याच दुकानातून पेंड नेतात. आता नेतील असं वाटत नाही.)

प्रभा थांबली. रागावली नाही. माझी मनगटं धरून म्हणाली, "अप्पा, आधी तोंडानं म्हणा, मग वाजवा." अक्का, पन्नाशीचा मी, 'ता थै थै तत' म्हणत बसलो! खिडकीत मुली खिदळत होत्या. लई वेळा चुकलो, तितक्या वेळा तिनं पहिल्यापासून करून घेतलं. अखेर हात स्थिरावला आणि ती नाचली. मी मान वर केली नाही. नुसती घुंगरं ऐकली.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "यांना शिकवलंत, मग पाचवीच्या मुलींचं काय अवघड? सोमवारी या."

दाजींना नमस्कार.
तुझा,
गुरप्पा

ता. क. तू सुचवलेल्या करमाळ्याच्या स्थळाला मी मुलगी 'शिक्षिका' होणार एवढंच कळवलं होतं. त्यांनी आपणहून गणिताची शिक्षिका असं धरलं, आणि मीही धरू दिलं. खरं काय ते तूच त्यांच्या कानावर घाल. माझी जीभ रेटत नाही.

ता. क. २ : वरचं प्रभानं वाचलं. म्हणाली, "अप्पा, लाज माझ्या नाचाची वाटते, की तुमच्या ठेक्याची?" तेव्हा तुला त्रास नको, रविवारच्या एस.टी.नं मीच करमाळ्याला येतो आणि सांगतो. तू फक्त त्यांच्या दारापर्यंत सोबत चल. एकटा असलो तर कोपऱ्यावरूनच परत फिरेन.