पेटीतला ब्लेडचा तुकडा

नाहूर,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय अन्या,

सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे बरे आहोत. आईची शुगर आटोक्यात आहे, गुडघे मात्र रोज नवीन तक्रार काढतात. तू जर्मनीत थंडीने गारठला आहेस, हे तिने सगळ्या बिल्डिंगला सांगून झालंय. माझ्या लॅबमध्ये काही नवीन नाही. सकाळी सातला सुई हातात घ्यायची आणि लोकांना "मूठ आवळा" म्हणत राहायचं.

हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच "ताई, मीटिंग आहे" म्हणतोस, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही सुटल्यासारखं वाटतं. म्हणून हे पत्र तुझ्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतेय. शनिवारी जर्मनीहून परतलास की गाडी न्यायला येशील, तेव्हा चालू करण्याआधी वाच.

तर बातमी अशी, की तुझ्या गाडीचे स्पार्क प्लग मी बदललेत. चारही, आमच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, माझ्या हाताने. गाडी जरा थरथरत होती, म्हणून म्हटलं बघावं.

काम नीट केलं रे. इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं, कारण गरम असताना प्लग खोलला तर आटे जातात, हे पप्पांनी मला नववीत असताना शिकवलं होतं. वरचं कव्हर काढलं, प्लगवरच्या चार कॉइल एकेक करून उपसल्या, कुठली कुठे जाते ते चिकटपट्टीवर लिहून ठेवलं. प्लगच्या खड्ड्यांमध्ये कचरा पडू नये म्हणून आधी सायकलच्या पंपाने हवा मारली. नवीन प्लग आत सोडताना पप्पांची रबरी नळीची युक्ती केली. प्लगच्या डोक्यावर नळीचा तुकडा चढवायचा आणि दोन बोटांनी फिरवायचा. आटा तिरका बसत असेल तर नळी हातात नुसतीच फिरते, जोर लागतच नाही. शेवटची आवळणी अंदाजाने नको म्हणून लॅबशेजारच्या गॅरेजमधून टॉर्क रेंच मागून आणला. गुडघे खरचटले, साडेचार तास गेले, पण खूप दिवसांनी मला इतकं बरं वाटलं.

बसवण्याआधी गॅपही पप्पांच्या पद्धतीनेच लावला. आठवतं ना, घाटकोपरच्या गॅरेजात ते टॅक्सीचे प्लग कसे लावायचे? प्लग फरशीवर हलकेच ठोकायचा, मग हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा दोन टोकांमधून ओढायचा. ब्लेड घासत गेलं की गॅप बरोबर. डब्यातून काढलेल्या नवीन प्लगचा गॅप मला सैल वाटला. मी चारही ठोकले आणि ओढले.

तिथेच वाट लागली. पार्किंगमध्ये गाडी शहाण्यासारखी चालू झाली. मी खूश होऊन ऐरोलीच्या पुलावर घेऊन गेले आणि जरा पाय दाबला, तर तिने असा हिसका दिला की मागचा ट्रकवाला शिव्या घालत गेला. पुन्हा दाबला, पुन्हा हिसका. वीसच्या स्पीडने, चारही इंडिकेटर लावून, लोकांच्या नजरा झेलत घरी आणली. तुझ्या त्या निळ्या गाडीला रिक्षावाले ओव्हरटेक करत होते.

प्लग परत खोलले. त्यातल्या दोन प्लगची टोकं तुटली होती. सुईसारखी बारीक टोकं असतात ती, माझ्या ब्लेडने गेली. मुलुंडच्या स्पेअर पार्टवाल्या धोंडूला दाखवले, तर तो डोक्याला हात लावून म्हणाला, "ताई, ह्याला ब्लेड लावलं काय तुम्ही? हा डब्यातून काढायचा आणि डायरेक बसवायचा. टर्बो हाय ना, हवा दाबून भरतो तो. गॅप वाढला की ठिणगी आतल्या आत विझते. कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

मी म्हटलं, असंच कुणीतरी. अन्या, पप्पांचं नाव माझ्या तोंडातून निघालं नाही. मला त्या माणसासमोर त्यांची लाज वाटली, आणि मग घरी येईपर्यंत स्वतःची.

नवीन चार प्लग आणले, हात न लावता बसवले. आता गाडी झकास पळते, काळजी करू नकोस. तुझे जुने प्लग आणि मी तोडलेले, दोन्ही पिशव्या डिकीत आहेत.

आता जुने प्लग बघशील तेव्हा तुला कळेलच, म्हणून मीच सांगते. ते चांगले होते. गाडी थरथरत नव्हती.

जाताना तू किल्ली दिलीस आणि म्हणालास, "ताई, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू ठेव फक्त. बाकी हात लावू नको. मार्चमध्ये प्लग बदलायचेत, ते वर्कशॉपवाले बघतील. ही गाडी वेगळी आहे." तू सहज बोललास. मी मात्र दोन महिने तेच चघळत बसले. ज्याने आयुष्यात कधी प्लग खोलला नाही, तो मला हात लावू नको सांगतो?

आणि गाडीचं तर निमित्त. मी जळते तुझ्यावर. आजची गोष्ट नाही, तू शाळेत होतास तेव्हापासून. गॅरेजात माझे हात काळे व्हायचे आणि सगळे तुला म्हणायचे "छोटे मिस्त्री". तू दाराशी नाक दाबून उभा राहायचास. ग्रीसचा वास सहन व्हायचा नाही तुला. मग पप्पांनी आजारपणात हत्यारांची पेटी दिली, ती तुला. "पोराकडे राहू दे," म्हणाले. मी तिथेच उभी होते, त्यांच्या गोळ्या मोजत. आयत्या बिळावर नागोबा, असं मी मनात तुला शंभर वेळा म्हटलंय.

त्यांना तू गाडीतून एकदा वरळीपर्यंत फिरवून आणलंस. एकदाच. महिनाभर ते येईल त्याला त्या टर्बोचा आवाज तोंडाने काढून दाखवत होते. मी तीन वर्षं आठवड्यातून दोनदा त्यांना रिक्षाने डायलिसिसला नेलं. त्याचं कौतुक त्यांनी कुणाला सांगितलेलं मला आठवत नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात, हेही मला कळतं. तरी जळायचं ते जळतंच.

प्लग काढताना लांब दांडी हवी होती, म्हणून मी डिकी उघडली. तिथे पेटी. मला वाटलं होतं, सगळे पाने गंजून गेले असतील. आईशपथ सांगते, गंजलेले असते तर मला बरं वाटलं असतं. तू प्रत्येक पान्याला तेल लावून ठेवलं होतंस, पप्पांच्या त्या चौकटीच्या शर्टात गुंडाळून. मी पार्किंगमध्ये खाली बसले आणि चिडून रडले. रागवायला तेवढंच कारण उरलं होतं, तेही तू काढून घेतलंस.

एक गोष्ट राहिली. पप्पा गेल्यावर तू पेटी पुन्हा पुन्हा उपसत होतास. मला विचारलंस, "ताई, त्यांचा तो ब्लेडचा तुकडा कुठे गेला गं?" मी म्हटलं, पडला असेल कुठेतरी.

तो माझ्याकडे होता. पेटी तुला दिली त्याच दिवशी मी तो काढून घेतला. इतकी वर्षं माझ्या कपाटात रुमालात होता. आणि तुझ्या गाडीवर चालवला तो तोच. मला सिद्ध करायचं होतं, की पप्पांचं काम मला येतं, तुझ्यापेक्षा जास्त येतं. त्यांचंच हत्यार वापरलं आणि तोंडावर पडले.

तुकडा आता परत ठेवलाय, पप्पा ठेवायचे तिथेच, चौदाच्या पान्याखाली. पेटी तुझीच. तू ती माझ्यापेक्षा चांगली सांभाळलीस, हे लिहिताना हात जड होतोय, पण लिहिते. पप्पांनी मला विचारलं नाही, हे खरं. पण मीही त्यांच्याकडे कधी मागितली नाही. मनातल्या मनात हिशेब लावत राहिले आणि चोरी केली.

म्हणून आता मागते. तो तुकडा मला दे. कामाचा नाहीच तो आता कुठल्या गाडीला. पण मला हवाय, आणि तुझ्या हातून हवाय. आईसमोर दे.

नाही आणलास तरी मटण करणार आहे, जेवल्याशिवाय सोडणार नाही. फक्त शनिवारी हे वाचून तू परत वर आलास, की दार उघडल्यावर मी आधी तुझ्या हातांकडे बघेन, एवढं माहीत असू दे.

अंबादास मिस्त्रींची थोरली,
तुझी ताई