छाटायचे राहिलेले काटे

दि. ९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

सासुरवाडीला करमतं का? डॉक्टरांनी दिलेले थेंब उरलेल्या डोळ्यातही घालतोस ना?

त्या सकाळी तुला गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि मी मागे थांबलो. तुझ्या बायकोने पुढे विचारलंही, "दादा, सख्खे भाऊ असून तुम्ही का नाही आलात?" मी म्हणालो, "रोपवाटिका उघडी टाकून कसा येऊ?"

इथे थंडी पडू लागलीय. कुंडीतल्या बुटक्या लिंबाला फळ धरलंय, बोराएवढं. रोपवाटिकेतला पाणीवाला तुझी आठवण काढतो. परवा म्हणाला, "धाकट्याचा नेम आता पक्का झाला असेल, एक डोळा मिटायचे कष्ट नकोत." सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून प्रार्थनेला बसलो की शब्द पुढे सरकत नाहीत.

काटेरी बोन्सायची आपली रीत तुला ठाऊकच आहे. फांद्यांना वळण द्यायची तार गुंडाळायच्या आधी एकाने काट्यांची टोकं छाटायची आणि खोडाला पांढरा दोरा बांधायचा. दोरा दिसला की दुसऱ्याने निर्धास्त तोंड फांद्यांत घालायचं. त्या दिवशी मला उशीर झाला होता आणि मालक फेरीला निघाले होते. मी आधी पाचही झाडांना दोरे बांधून टाकले. म्हटलं, छाटणी मागून करू. चार झाली. पाचवी ती जुनी बोगनवेल. तेवढ्यात मालकांनी मला हाक मारली, आणि तू दोरा बघून वाकलास.

गाडी गेल्यावर मी तिचे काटे छाटले. एकूण एक. मालकांनी झाड निरखलं आणि म्हणाले, "काटे तर छाटलेत. स्वतःच्याच तारेचं टोक डोळ्यात घुसवून घेतलं गड्याने. असा निष्काळजी माणूस मला नको." तूही तेच खरं मानलंस. डोळ्यावर पट्टी असताना मला म्हणालास, "दादा, माझंच लक्ष नव्हतं रे." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला.

आज सकाळी सगळ्यांसमोर मालकांना खरं काय ते सांगितलं. पाणीवाला तोंड फिरवून उभा राहिला. मालक म्हणाले, "धाकट्याला बोलावून घे. तू मात्र उद्यापासून येऊ नकोस." कात्री टेबलावर ठेवून मी निघून आलो.

माफी मागत नाही. ती द्यायचं ओझं तुझ्यावर कशाला?

तुझा डोळा घालवणारा,
दादा