हिरव्या झाकणाची नळी

७ फेब्रुवारी
गरज सरो, वैद्य मरो! ताईला माझी किडनी बसली, आणि मी संपले. भावजींचा फोन—ताईचा ताप, ताईची झोप, ताईची भूक. माझा टाका अजून ठणकतो, ते कोण विचारणार? "तुझं काय, तू ठणठणीत!"

१० फेब्रुवारी
ताईचं रक्त आमच्याच लॅबमध्ये आलं. किडनी टिकवायच्या गोळ्यांनी अंगातली प्रतिकाराची ताकद दबते, आणि एरवी धडधाकट माणसाच्या अंगात गुपचूप पडून असणारा एक विषाणू डोकं वर काढतो. वेळेत सापडला नाही तर किडनी जाते, माणूसही जातं. म्हणून रक्तात त्याचा डीएनए शोधायचा. यंत्रावर रेघ चढली तर आहे, सपाट राहिली तर नाही.
ताईची सपाट. पण प्रत्येक नळीत आम्ही आपणहून थोडा ओळखीचा डीएनए टाकतो, त्याची रेघ चढलीच पाहिजे. तीही सपाट! म्हणजे तपासणी झालीच नाही. रक्ताची मूळ नळी शोधली—हिरवं झाकण. त्यातलं रक्त पातळ ठेवणारं औषध आमची तपासणीच मारतं. जांभळ्या झाकणाची नळी वापरा, असं वॉर्डात कितीदा सांगितलं! पालथ्या घड्यावर पाणी.
साहेब म्हणाले, "निगेटिव्ह लिहून मोकळी हो." नाही लिहिलं.

११ फेब्रुवारी
पुन्हा रक्त मागवलं. ताई फोनवर कडाडली, "हातांची चाळण झालीय माझ्या! कसला सूड उगवतेस?"
सूड! पोट फाडून किडनी दिली, तरी सूडच. रडले नाही. भांडी आपटली.

१३ फेब्रुवारी
जांभळं झाकण. दोन्ही रेघा चढल्या. विषाणूची तर फार लवकर—म्हणजे तो भरपूर आहे. ताईच्या डॉक्टरांना मीच फोन केला. औषध लगेच सुरू केलं त्यांनी. मग सहज म्हणाले, "दात्याकडूनच आलाय. ताईंना पूर्वी हा कधी नव्हताच."
दाता मीच की! ऑपरेशनआधी मी विचारलं होतं, या विषाणूचं काय? ताईच म्हणाली होती, "तेही जुळलंय गं."

१४ फेब्रुवारी
द्यायला गेले किडनी, देऊन बसले दुखणं. जेवले नाही.

१७ फेब्रुवारी
ताईचा फोन. ताप उतरलाय. म्हणाली, "तुझ्यात तो विषाणू आहे, हे मला आधीच सांगितलं होतं डॉक्टरांनी. तुला सांगू नका, म्हटलं मीच. कळलं असतं तर तू दिलीच नसतीस—माझ्याच काळजीने. आणि मला जगायचं होतं गं."
म्हटलं, पुढच्या वेळी झाकण बघून मगच हात पुढे कर.