नाय म्हणूक जागा

अण्णा, आधी तक्रार नोंदवते. आज सकाळपासून माझ्यावर जो अन्याय चालला आहे तो एखाद्या तालुक्यावर झाला असता तर एव्हाना मोर्चा निघाला असता. संशोधन प्रस्तावाच्या शेवटी संदर्भसूची असते. तिचा नियम असा, की प्रत्येक नोंदीची पहिली ओळ समासाला टेकलेली हवी आणि पुढच्या ओळी अर्धा इंच आत. म्हणजे कर्ता पुरुष ओट्यावर आणि बाकीचं कुटुंब माजघरात. मी घरी हे कुटुंब नीट बसवते, पेनड्राइव्हमध्ये घालून बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात नेते, आणि तिथल्या संगणकावर फाइल उघडताच सगळी बिऱ्हाडं ओट्यावर येऊन बसतात. दुकानदार म्हणतो, "बाई, वाचूक येता मा? मगे झाला तर." आज तिसरी खेप झाली. वाचता येणं हा निकष विद्यापीठाला मान्य असता तर मी केव्हाच डॉक्टर झाले असते.

तुम्ही गेल्यानंतरचं थोडं सांगायला हवं. तुमची लेक शाळेत अजून शिकवते. मधल्या काळात घरी बसून मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि आता, ज्या वयात बायका गुडघ्यांबद्दल बोलतात, त्या वयात मी पीएच.डी.ला बसले आहे. प्रस्ताव एकदा परत आला. पुन्हा परत आला तर नोंदणी रद्द, आणि शुक्रवार शेवटचा. मार्गदर्शक बाई माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहेत; वर्गात असत्या तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं. पण बाई हुशार, हे मान्य करावं लागतं. त्यांनी मला शिकवलं की प्रस्तावात "मी" नसते, "संशोधक" असते. बांगडे साफ करता करता उठून संशोधक टेबलाशी येते आणि "संशोधकास असे आढळून आले" असं लिहू लागते, तर बाई म्हणतात, "आढळून कसं आलं? अजून शोधलंय कुठे? प्रस्ताव भविष्यकाळात लिहायचा. विचारले जाईल, नोंदवले जाईल." शिवाय प्रत्येक गोष्टीची व्याख्या हवी. तुमचा आयुष्यभराचा उद्योग मी अडीच ओळींत बसवला आहे: "कौल म्हणजे ग्रामदेवतेच्या मूर्तीच्या दोन्ही अंगांस ओल्या कळ्या चिकटवून प्रश्न विचारण्याची प्रथा, उजवी कळी प्रथम पडल्यास होकार व डावी पडल्यास नकार मानला जातो." वाचून तुम्ही पान थुंकायला बाहेर गेला असता.

हो, विषय कौलच आहे. पहिल्या खेपेचं शीर्षक होतं, "कौलप्रथेमुळे ग्रामीण व्यक्तींच्या निर्णयक्षमतेचा होणारा ऱ्हास". मला ते फार आवडलं होतं. बाईंनी "होणारा ऱ्हास" या दोन शब्दांखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, "हा प्रश्न आहे की निकाल?" मी चिडले. घरी येऊन दोन दिवस त्यांच्या पदव्यांची टिंगल केली. तिसऱ्या दिवशी चहा गाळताना हात थांबला, कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, आणि बाईंचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

मी दहा वर्षांची आहे. देवळाच्या खांबाला टेकून पेरू खातेय. बागायतदार शेजारी तावातावाने आला आहे आणि म्हणतोय, "अण्णानू, देवाक इचारा, माझ्या भावानच माझी कलमा तोडल्यान मा?" तुम्ही कळ्या तबकात तशाच ठेवता. "ह्यो प्रश्न नाय रे, ही फिर्याद. देवाक तुझो साक्षीदार करतंस?"

"मगे कसा इचारू?"

"देवाक नाय म्हणूक जागा ठेव. मगे इचार."

तो बराच वेळ डोकं खाजवतो. शेवटी म्हणतो, कलमा तोडणारो घरचो काय भायलो? तुम्ही मान हलवता आणि कळ्या उचलता. काय कौल पडला ते मला आठवत नाही. पेरूत किडा निघाला होता, तो आठवतो. पण ते वाक्य राहिलं. अख्ख्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकात गृहीतकाबद्दल जे एक प्रकरण आहे, ते तुम्ही पाच शब्दांत, सोवळ्यात उभं राहून सांगितलं होतं.

आता माझ्या शीर्षकात देवाला नाही म्हणायला जागा का नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते वाक्य तुमच्याकडून घेतलं, आणि राग मात्र तुमच्यावरच धरला. बारावीचा निकाल लागून आठवडा झालाय. मला मानसशास्त्र शिकायला कोल्हापूरला जायचंय. तुम्ही गाभाऱ्यात पाठमोरे उभे आहात, शेजारी आते, मी सभामंडपात. तुम्ही देवाशी पुटपुटता, ते माझ्यापर्यंत येत नाही. मला फक्त कळ्या दिसतात. डावी पडते. तुम्ही वळायच्या आत मी देवळाबाहेर. दुसऱ्या दिवशी, कुणाला न विचारता, मी डी.एड.चा अर्ज भरून आले आणि तुमच्याशी सहा महिने कामापुरतं बोलले. पुढची कितीतरी वर्षं लोकांना सांगत राहिले, की कळी किती ओली करायची ते लावणाऱ्याच्या हातात असतं. श्रोते हसायचे. मी चांगलं सांगते.

लाल रेघेनंतर बाई म्हणाल्या, दोन-चार जुन्या माणसांशी प्राथमिक बोला, मग शीर्षक ठरवा. म्हणून मागच्या रविवारी सावंतवाडीला गाडी बदलून आरोंद्याला आतेकडे गेले. सगळं रीतसर करायचं म्हणून संमतीपत्रकाचा नमुना नेला होता. आतेने तो उलटा-सुलटा करून पाहिला. "सही कित्याक? माझी जमीन घेतंस काय?" म्हटलं, आते, तू नको म्हणालीस तर बोलायचं नाही, मधेच थांबलीस तरी चालेल, असं यात लिहिलंय. "मेल्यांनो, माका आजपर्यंत कोण गप बस सांगूक नाय, नि तुझो कागद सांगता?" सही केली. मी क्रमाने प्रश्न विचारत होते, आणि ओघात, अगदी शास्त्रीय आवाजात, म्हटलं, "तुझ्यासमोर पडलेला एखादा डावा कौल आठवतो?"

"तुझोच आठवता. तुका यंदाच धाडू काय, म्हणान इचारल्यान तो."

मी पेन खाली ठेवलं. "यंदाच?"

"मगे? आजयेन हातरूण धरलेला, घरात बायमाणूस तूच. यंदाच धाडू काय येत्या वर्सा, असा इचारल्यान. डावी पडली. म्हणजे येत्या वर्सा."

"मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"तू खंय थांबलंस? दुसऱ्या दिवशी मास्तरणीचो फॉर्म भरून इलंस. तेका वाटला, चेडवाचा मन फिरला. देवळातला बोलणा तो उंबऱ्याभायर काढी नसे, तुका म्हायत आसा."

"आते, येत्या वर्षी खरंच धाडलं असतं त्यांनी?"

तिने माझ्या कागदांकडे बघितलं. "ता तेका इचारूक होया होता गो. माका काय इचारतंस?"

परतीच्या गाडीत मी स्वतःला बजावलं, की एवढ्या वर्षांनंतरची, एकाच वृद्ध स्त्रीची आठवण हा पुरावा होत नाही. माणूस आठवणी डागडुजी करून वापरतो, हे मी स्वतः वर्गात शिकवलंय. आते तुमची बहीण, म्हणजे पक्षपाती. हे सगळं बरोबर आहे. पण मग माझ्याकडे तरी काय होतं? एक पडलेली कळी. उत्तर मी डोळ्यांनी पाहिलं आणि प्रश्न ऐकलाच नाही. आणि त्या अर्ध्या नोंदीवर निष्कर्ष काढून तो आयुष्यभर प्रसिद्ध करत राहिले. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी कान धरला असता.

प्रस्ताव पुन्हा लिहिला. तो चांगला झालाय, हे बाईंनी सांगायच्या आधी मीच सांगते. शीर्षक आता साधं आहे: "कौल घेऊन घेतलेल्या निर्णयांविषयी संबंधित व्यक्तींना नंतर काय वाटते: एक अभ्यास". यातून काय निघेल ते मला माहीत नाही, आणि हे वाक्य मी एवढ्या आनंदाने पहिल्यांदाच लिहितेय. पद्धतीच्या भागात एक कलम घातलंय: "प्रत्येक सहभागी व्यक्तीस कौल काय पडला हे विचारण्यापूर्वी, देवास नेमका कोणता प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला गेला, हे विचारले जाईल, तो ठाऊक नसल्यास तशी नोंद केली जाईल." संशोधकाचा विषयाशी वैयक्तिक संबंध असल्याचंही एका परिच्छेदात सांगून टाकलंय. भविष्यकाळात नाही, तेवढं एक भूतकाळात.

एक काम राहिलं होतं, ते आज केलं: नाय म्हणूक जागेचं तुमचं वाक्य प्रस्तावात आहे, त्याला तुमचं नाव लावलं. कुणी तोंडी सांगितलेलं वाक्य वापरलं तर कंसात त्याचं नाव, "वैयक्तिक संवाद" आणि तारीख, अशी शैलीपुस्तिकेची सूचना आहे. तारीख आठवेना, ती अंदाजाने टाकली नाही, वर्ष टाकलं. सूचीत मात्र तुमची नोंद होत नाही. पुस्तिका म्हणते, वाचकाला जे पुन्हा मिळवता येत नाही ते सूचीत घालू नये. पुस्तिकेशी माझं एवढ्या एकाच बाबतीत पटलं. तेव्हा तुम्ही ओट्यावरही नाही आणि माजघरातही नाही. सातव्या पानावर, मजकुरात, कंसात आहात. तिथे झेरॉक्सवाल्याच्या संगणकानेही तुम्हाला हलवलेलं नाही, पाहून आले.

प्रस्ताव शुक्रवारच्या पहिल्या गाडीने जाईल. हे चार कागद कुठे जायचे नाहीत. कच्च्या प्रतीत राहतील. पहिल्या खेपेच्या प्रस्तावातही ते वाक्य होतं, अण्णा, प्रमाण मराठीत करून, कंसाशिवाय. एम.ए.च्या तोंडी परीक्षेतही मी ते सांगितलं होतं. परीक्षकांनी विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हटलं, माझंच.