थंड खोलीचं कुलूप

७ मार्च

आले एकदाची! माडीवरच्या खोलीत सामान टाकलं आणि आधी खिडकी उघडली. खाली कारखान्याचं अंगण, पलीकडे मोकळा माळ. त्या जुन्या कोंदट ऑफिसातून सुटल्याचा आनंद इतका, की जिना चढताना चक्क गुणगुणत होते. मालकांना इथे सगळे काका म्हणतात, त्यांच्या बायकोला काकू. काकूंनी पोटभर जेवू घातलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं. आई आणि धाकटी बहीण, म्हटलं. धाकटी नोकरी शोधतेय, हेही सांगून मोकळी झाले. माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! मोबाइल मात्र फाटकावर ठेवून घेतला. कामाचं गुपित बाहेर जायला नको, म्हणे. घरी बोलायचं तर काकूंच्या खोलीत फोन आहे.

९ मार्च

इथे कोल्ड स्टोरेजच्या खोल्यांची इलेक्ट्रॉनिक कुलपं बनतात. प्रत्येक कुलपात नखाएवढी चिप, आणि दार कोणत्या आकड्यांनी उघडायचं ते तिच्यात साठवलेलं. ही फ्लॅश मेमरी भारी मिजासखोर. एक आकडा बदलायचा तरी अख्खा ब्लॉक, म्हणजे मेमरीचा एक कप्पा, पुसून नव्याने लिहावा लागतो. नेमकी तेव्हाच वीज गेली, की धड जुनं राहत नाही, धड नवं होत नाही. कुलपाला काही वाचता आलं नाही तर ते बंदच राहतं. वीज कधीही गेली तरी आकड्यांची जुनी प्रत शाबूत राहील अशी फाइल सिस्टिम, म्हणजे माहिती साठवायची व्यवस्था, बसवायची, हे माझं काम. आधीच्या इंजिनिअरने ब्लॉकचा आकारच चुकीचा भरून ठेवला होता! तो सुधारला, आणि नवी प्रत तपासल्याशिवाय जुनी पुसायची नाही, असं बसवलं. तो इंजिनिअर गेला कुठे, असं विचारलं. काकू म्हणाल्या, हुशार होता हो, पण मन लावून करत नसे.

१३ मार्च

आज पहिली चाचणी. मागच्या बाजूला एक थंड खोली आहे. जाडजूड पोलादी दार, त्याला वीतभर काच, आतून मूठ नाही. कुलपं बसवणारे फिटरमामा आत जाऊन स्टुलावर बसले. मला वाटलं, काही दुरुस्त करताहेत. काकांनी दार लावलं, मला आकडे बदलायला सांगितलं, आणि बदल चालू असतानाच मेन स्विच पाडला. वीज परत आली, कुलपावरचा दिवा हिरवा झाला, दार उघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांना आत कशाला बसवलं, असं मी जरा तोडूनच विचारलं. काका हसले. म्हणाले, रिकाम्या खोलीसाठी कुणी जीव तोडून काम करत नाही, पोरी.

मामांच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत, हे आज पाहिलं.

खरं लिहायचं तर राग आला. पण त्याहून जास्त, माझं कुलूप उघडलं याचा आनंद झाला.

१८ मार्च

चिपांचा नवा माल आला. स्वस्तातला. निम्मे ब्लॉक मुळातच मेलेले. यांवर काही टिकणार नाही, परत पाठवा, असं मी काकांना सांगितलं. नाहीतर निदान, वाचता आलं नाही तर दार उघडेल, असा नियम घालू द्या. ते म्हणाले, लोक कुलूप विकत घेतात ते न उघडण्यासाठी. आणि मामांना हाक मारली. मामा उठले, आत जाऊन स्टुलावर बसले.

कुलूप उघडलं नाही. चिप पहिल्यापासून लिहावी लागली. मामा काचेवर थापा मारत होते. मग थापा थांबल्या. बाहेर काढलं तेव्हा मला ओळखेनात. काकूंनी त्यांच्यावर पांघरूण घातलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला. पुढच्या वेळी नीट कर हं, म्हणाल्या.

जेवण नेहमीच्या वेळी वाढलं. सगळे जेवले. मीही जेवले.

१९ मार्च

नोकरी सोडते म्हणून सांगितलं. काका म्हणाले, खुशाल जा. फाटकाला आमचंच कुलूप आहे. मला त्याचे आकडे दिलेले नाहीत.

घरी फोन लावला. काकू शेजारी बसल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून. मी काही बोलायच्या आतच आई आनंदाने रडायला लागली. काकूंनी सकाळीच फोन केला होता. धाकटीला इथे नोकरी दिलीय.

येऊ नको म्हणायला तोंड उघडलं, तर फोन बंद. काकूंचं बोट त्यावर.

२१ मार्च

धाकटी आली. अंगणातूनच ताई, ताई! मी धावले, पण काकू आधी पोचल्या. तिचा हात सोडतच नाहीत. तिला जाड स्वेटर दिला. अगदी माझ्या मापाचा गं, म्हणाली.

मामा कुठे आहेत ते कुणी सांगत नाही.

चोरून नियम बदलला. वाचता आलं नाही, तर उघड. काकांनी तपासलं. जुना नियम परत घातला. रागावलेसुद्धा नाहीत. उद्या सकाळी, एवढंच म्हणाले.

२२ मार्च

धाकटीच्या जागी मी आत बसते म्हटलं. पाय धरले. काका म्हणाले, तू आत बसलीस तर चिप कोण लिहील?

नोकरीची परीक्षा आहे, असं तिला सांगितलंय. मी ओरडले तर म्हणाली, ताई, तू उगाच घाबरतेस. हसत आत गेली —

स्विच पाडला. वीज आली.

कुलूप लाल.

२२ मार्च, तिथेच

चिप पुन्हा लिहायला घातलीय. पडद्यावर पट्टी सरकते. अडते. मेलेला ब्लॉक ओलांडते. आता माझ्या हातात काही नाही. दाराला धडका दिल्या. खांदा निखळला बहुतेक. काकूंनी वही आणून पुढे ठेवली. लिही, म्हणाल्या, मन शांत होतं.

काचेवर तिचा तळवा. अजून हसतेय. नाही. दात वाजताहेत —

पट्टी अर्ध्यावर. चांगले ब्लॉक लागताहेत. उघडेल. थोडंच, राणी, थोडंच —

तळवा काचेवरून घसरला. दिसत नाही. खाली बसली का —

शेवटचा ब्लॉक. घेतला! लिहितेय. चाललंय —

काका उठले. नुसतं उघडून भागत नाही, वीज गेली तरी उघडायला हवं, म्हणतात. मेन स्विचकडे — काका, नको, लिहिणं चालू आहे, जुनी प्रत उरलेली नाही, मध्येच नका, पाया पडते, मध्ये