निळ्या दुकानाची वाटणी

मी, कियोए नाकात्सुजी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा कोबीच्या धिरड्यांचे दुकान, राहणार तैशो, ओसाका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. गेल्या शनिवारी आमच्या योदो फुटबॉल क्लबने तीन गोल खाल्ले. ते कोणाकोणाच्या गाढवपणामुळे, हे मी आत्ताही सांगू शकते.

१. दुकान, वरची खोली व लोखंडी तवा माझा एकुलता एक मुलगा शिगेकी यास मिळावा. भिंतींचा निळा रंग बदलू नये. क्लब जहाज-कारखान्यातल्या कामगारांचा होता, तेव्हा माझे यजमान कै. एइजी त्याचे गोलरक्षक होते. क्लबचा रंग निळाच; जहाजांना लावून उरलेल्या निळ्या रंगाने त्यांनीच या भिंती रंगवल्या. पुढे कारखाना बंद पडला, क्लब दोनदा खालच्या श्रेणीत गेला. रंग टिकला आहे.

२. जिन्याखालचा यजमानांचा ढोल ओनिशी यांना द्यावा. तीस वर्षे प्रत्येक सामन्याला तेच तो बडवतात. निघताना विचारतात, "काकू, जिंकलो तर धिरडं फुकट ना?" मी म्हणते, "आधी जिंका तरी, मेल्यांनो!"

३. सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानाबाहेर नावाचा कागद जमिनीला चिकटवून रांगेतली जागा धरायची, ही आमची रीत. माझा कागद कायम पहिल्या दारापाशी असतो. माझ्यामागे तो कोणाचा, ते पुढे लिहिले आहे.

४. पलीकडच्या लाल क्लबचे नाव या कागदावर मी येऊ देणार नाही. २००५ साली शेवटच्या मिनिटाला त्यांनी आम्हाला बुडवले, तेव्हापासून माझ्या दुकानात लाल वस्तूला बंदी आहे. धिरड्यावर आल्याचे लाल लोणचे नाही म्हणून गिऱ्हाइके उठून गेली. जाईनात का!

पण याच हट्टापायी मी एक वाईट गोष्ट केली. शिगेकीची बायको माहो हिचे वडील लाल क्लबवाले. आमच्याकडे लग्नात शुभ म्हणून लाल-पांढऱ्या मिठाईची जोडी वाटतात. मी त्यातली लाल तेवढी सगळ्यांदेखत परत पाठवली. विहीणबाईंना रडू आले.

शिगेकी म्हणाला, "आई, आज तरी?"

मी म्हणाले, "आज तर नाहीच!"

त्याला अकरा वर्षे झाली. त्यानंतर शिगेकीने दुकानाचा उंबरा ओलांडलेला नाही. चूक माझी होती. मला त्याची फार आठवण येते.

५. तव्याखालच्या कपाटात निळ्या फडक्यात गुंडाळलेली बरणी आहे. तीत लाल लोणचे आहे. लग्नाच्या वर्षापासून दर उन्हाळ्यात मी ते गुपचूप घालते. खायला कोणी येत नाही, म्हणून दर वर्षी टाकून देते. ती बरणी व रांगेतला कागद माझी सून माहो हिला द्यावा. माहो, लाल मफलर घालून रांगेत उभी राहा. ओनिशी काही बोलले, तर ढोल काढून घे.

६. या मृत्युपत्राची प्रत आजच शिगेकीला टपालाने पाठवत आहे. बाळा, माझ्या मरणाची वाट बघायची गरज नाही. यंदाचे लोणचे आता मुरले आहे.

साक्षीदार:
मासाहारु ओनिशी, ढोलवाले (कलम ५ वर कुरकुरले, पण सही केली)
तोमिए हिगाशिदे, शेजारच्या टोफूवाल्या

स्थळ: ओसाका
दिनांक: २४ सप्टेंबर २०२३

सही व शिक्का: कियोए नाकात्सुजी
(शिक्क्याची शाई लालच असते. आजवर नाक मुरडून उमटवला. आज नीट दाबून उमटवला आहे.)