आईच्या बांगड्या

शनिवार, संध्याकाळ. गोंडपिपरी.

लंडनला भांडी घासायला गेलो होतो, आता तिथल्या टीव्हीवर शेफ म्हणून मिरवतो. दर कार्यक्रमात सांगतो, लांब रोटी आईकडून शिकलो. आज तिच्याच अंगणात, कॅमेऱ्यासमोर करायला बसलो, तर तीनदा हातातच फाटली. सैल कणीक हातांवर पसरवायची सवयच गेली. दिग्दर्शक म्हणाला, हात आईचे घेऊ, चेहरा तुझा. फक्त बांगड्या नकोत.

मी तेव्हाच 'नको' का म्हणालो नाही?

आईने हात ओले करून बांगड्या सरकवून काढल्या. एक फुटली. खाटेवरून बाबा म्हणाले, "काऊन उतरवून राह्यली? मी जिता आहो ना अजून?" सगळे हसले. मीसुद्धा, मूर्खासारखा. बाबा हसले नव्हते.

मग आईने उलट्या मडक्यावर रोटी अशी अलगद टाकली की दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या.

आता मंडळी गेलीत. आई साबण लावून बांगड्या परत चढवते आहे. उजव्या हातात एक कमी. त्या हाताकडे बघवत नाही. मान वर न करता तिने विचारलं, "झालं ना बाबू तुयं काम?"

हो म्हटलं.